बाईंच्या खुर्चीचा सर्व्हे

वसईतल्या आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी कसा गेलो, त्याचं खरं कारण सांगतो. वार्षिक सभेला उशिरा पोचलो आणि बसायला जागा उरली होती ती फक्त व्यासपीठावर. बसलो. उठलो तेव्हा कार्यवाह झालो होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी नोकरी मुंबईत, घर बोळिंजच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये. एक रविवार तेवढा माझा होता, तोही गेला.

आमचे अध्यक्ष नुकतेच बँकेतून निवृत्त झाले होते. निवृत्त म्हणजे कागदोपत्री. हुकूम सोडायची सवय अजून सेवेत होती, आणि घरच्यांनी ऐकणं सोडलं म्हणूनच ते आमच्याकडे आले असावेत. एकदा ते वाचनालयात शिरले आणि त्यांनी ग्रंथपाल बाईंचा आवाज ऐकला.

बाईंचा आवाज म्हणजे काय सांगू! भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि ती शांतता बाई ओरडून राखत. एकदा एका वाचकाला त्यांनी “हात काढा!” म्हटलं, तर तिकडे किल्ल्यात फिरणाऱ्या एका जोडप्याने घाबरून एकमेकांचे हात सोडले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मला त्यात शंका नाही.

“या बाईंच्या हाताखाली स्टाफ दबलाय,” अध्यक्ष म्हणाले. “आमच्या बँकेत असं दिसलं की आम्ही सर्व्हे करायचो. गुप्त. कामाच्या ठिकाणचं वातावरण कसं आहे, सगळं बाहेर पडतं. लोक नाखूश निघाले तर बाईंना बोळिंजच्या शाखेत टाकू. कार्यवाह, तुम्ही घ्या करून.”

बोळिंजची शाखा म्हणजे गॅरेजवरची एक खोली. तिथे पुस्तकं कमी आणि ग्रीसचे डाग जास्त. पण बाईंचं दुखणं ते नव्हतं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, घर वाचनालयाच्या मागच्याच गल्लीत. दुपारच्या सुट्टीत बाई धावत जाऊन तिला भरवत. दुसऱ्या कुणाच्या हातून म्हातारी घास घेत नसे. बोळिंजहून हे जमणं शक्यच नव्हतं. सगळ्या वसईला हे माहीत होतं, अध्यक्षांना तेवढं नव्हतं. मी बाईंना सर्व्हेचं सांगून टाकलं, पण आईचं त्या मला अध्यक्षांना सांगू देईनात.

“दया नको,” म्हणाल्या. “करा तुमचा सर्व्हे.”

बाई सोडल्या तर स्टाफ तिघांचा. देवघेवीच्या टेबलावर नंदाखालहून येणारी ताई, नोंदी करणारा एक चष्मेवाला आणि खाडीकडच्या गावचे शिपाई काका. फॉर्म अध्यक्षांनी बँकेतलाच उचलला होता.

“‘आपल्या वरिष्ठांकडून आपणास प्रेरणा मिळते काय?’” ताईने मोठ्याने वाचलं. “मिळते की. पळून जायची.”

“हळू बोल, आत बसल्यायत,” चष्मेवाला कुजबुजला.

“बसू देत. गुप्तच आहे ना?”

“‘शाखेतील तिजोरी सुरक्षित वाटते काय?’” काकांनी डोकं खाजवलं. “तिजोरी कुठं हाय आपली? ऱ्हाऊ दे, पान्याचा माठ धरून ‘हो’ लिवतो.”

मी निघून आलो. पुढच्या रविवारी फॉर्म गोळा करायला गेलो, तर तिन्ही कोरे. नुसते कोरे नव्हेत, छापखान्यातून आले तेव्हाही इतके स्वच्छ नव्हते.

आता हे समजायला आमच्याकडची रीत सांगायला हवी. छापील कागदाला शाई लावायची नाही, हा बाईंचा कायदा. दारातच त्या वाचकांची पेनं काढून घेत. त्यामुळे तिघांनीही फॉर्म पेन्सिलीने भरले आणि परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावर ठेवले, कारण देवघेवीवरून जे येतं ते तिथेच जातं. आणि त्या टेबलावर रोज दुपारी काका रबर घेऊन बसत. वाचकांनी पुस्तकांत काय काय केलेलं असे! नायिकेला मिशा, ओळींखाली रेघोट्या, रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर ‘खून डॉक्टरने केलाय’. ते सगळं काका खोडत. काकांनी जोर लावला तर छापील अक्षरंसुद्धा फिकी पडत, अशी त्यांच्या रबराची ख्याती.

“काका, हे काय केलंत?”

“खोडलं.”

“अहो, का?”

“पेन्सिलीचं व्हतं.”

“त्यात तुमचासुद्धा फॉर्म होता!”

“व्हता ना. लई घान अक्षर. दोनदा खोडला.”

“काय लिहिलं होतं ते वाचलंत तरी?”

“वाचत बसलो तं खोडायचं कवा, भाऊ?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काकांचा चेहरा मे महिन्यातल्या मिठागरासारखा, पांढरा सपाट, कुठे काही उगवलेलं नाही. हे सवयीने झालं की बाईंना वाचवायला? की बाईंनीच करवलं? ताईला विचारलं, काय लिहिलं होतंस? “गुप्त आहे, तुम्हीच म्हणालात.” चष्मेवाला म्हणाला, “माझं मला आठवत नाही, पण ताईने काय लिहिलं ते माहितीय.” काय? तर तेही गुप्त.

त्यात बाई बदलल्या. आठवडाभर त्या “जरा हळू हं” असं हळू बोलत होत्या. वाचकांची गाळण उडाली. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “वाचनालय बंद पडतंय का?”

मग सभा भरली, रविवारी सकाळी. अध्यक्षांनी कोरे फॉर्म उलटेसुलटे केले, उजेडात धरले. “यातून काय समजायचं?” मला ठाऊक असतं तर मी बोललो नसतो का? शेवटी ते कडाडले, “नवे फॉर्म आणा. आत्ता, माझ्यासमोर, शाईने!”

तिघांपुढे तीन पेनं ठेवली. कुणी हात लावीना.

“पेन चालेल का, बाई?” ताईने विचारलं.

खोलीतले सगळे बाईंकडे वळले. त्या एक शब्द बोलल्या असत्या, “नाही”, तर अध्यक्षांचा सर्व्हे तिथेच आडवा झाला असता. बाई पदर खोचून उभ्या राहिल्या.

“चालेल,” म्हणाल्या. मग एकदम मूळ आवाजात, “आणि खरं लिहा! गुळमुळीत लिहाल तर पुन्हा लिहायला लावीन!”

अध्यक्षांच्या बशीतला चहा टेबलावर आला.

तिघांनी खाली मान घालून लिहिलं. अध्यक्षांनी वाचलं आणि चेहरा खुलला. बाई ओरडतात. चहा गार झाल्याशिवाय सोडत नाहीत. रजा मागितली की आधी ‘कोण मेलं?’ म्हणून विचारतात.

“ठरलं तर,” अध्यक्ष म्हणाले. “बोळिंज.”

“कोण?” ताई ताडकन उठली.

“बाई.”

“का?”

“अहो, तुम्हीच लिहिलंयत!”

“ते बाईंनी वाचावं म्हणून. त्यांना न्या असं कुठे लिहिलंय?”

“आणि दुपारी त्यांच्या आईकडे कोण जाणार?” चष्मेवाला बोलून गेला.

“कुठली आई?” अध्यक्षांना काही समजेना.

“तो विषय सर्व्हेत नाही,” बाई खाडकन म्हणाल्या.

अध्यक्षांनी खरंच फॉर्म उलटून आईचा रकाना शोधला. तेवढ्यात काका म्हणाले, “सायेब, बाई बोळिंजला ग्येल्या तं आमी तिघं पन बोळिंजला. हितं मंग तुमीच बसा.”

अध्यक्षांनी बाईंच्या टेबलाकडे पाहिलं. फाटलेल्या, अजून न चिकटवलेल्या पुस्तकांचा ढीग छताला लागत होता.  मग मला म्हणाले, “लिहा. निष्कर्ष प्रलंबित. बदलीही प्रलंबित.” कुणी जिंकलं, कोण हरलं, सर्व्हे झाला की नाही, मला काही कळलं नाही, पण लिहिलं मी.

सभा उठल्यावर बाईंनी मला दारात गाठलं.

“मी खरंच विचारते, कोण मेलं म्हणून?”

“विचारता.”

“मग काय विचारायचं असतं?” त्या अगदी गोंधळून गेल्या होत्या.

मी म्हटलं, “सगळं बरं आहे ना, असं विचारून बघा.”

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. जमेना. मग घड्याळ बघून “अगं बाई!” म्हणाल्या आणि आईला भरवायला गल्लीत धावल्या.