मिलिंदची दारातली बंदूक

‘भावोजी, तुम्ही लगेच या,’ एवढंच मिलिंदच्या घरून मेधावहिनी फोनवर म्हणाल्या. मी सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत उभा होतो. काय झालं, हे विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना... बुकित पंजांगला त्यांच्या फ्लॅटच्या दारात चपलांचा ढीग दिसला आणि समजायचं ते समजलं. मिलिंदला जाऊन आता दीड महिना होत आला.

बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात आम्ही शेजारी बसायचो. माणूस सरळमार्गी, पण वेड एकच: व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टरची छोटी मॉडेल्स. त्यातही जीव अडकलेला दारातल्या मशीनगनमध्ये. नौदलाला म्हणे लष्कराची वापरलेली हेलिकॉप्टरं मिळाली होती, म्हणून गनर आपापल्या बंदुका हाताने सुधारून घ्यायचे. बंदुकीचे टेकूचे पुढचे दोन पाय कापून टाकायचे, बंदूक दाराच्या चौकटीला रबरी दोरीने टांगायची, गोळ्यांचा पट्टा अडकू नये म्हणून बाजूला खाण्याचा रिकामा डबा बसवायचा. खोक्यातल्या किटमध्ये यातलं काही नसतं, त्यामुळे मिलिंद सगळं स्वतः घडवायचा. बंदूक काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढी, डबा मोहरीएवढा. ‘आयुष्यात डास मारला नाहीस आणि घरात मशीनगन,’ असं मी चिडवायचो. तो मान वर न करता हसायचा.

दर रविवारी मी जायचो. हळूहळू लक्षात आलं, की पठ्ठ्या आदल्या रविवारी बसवलेली बंदूक काढून पुन्हा नव्याने बसवतोय. कधी दोरी आखूड, कधी दोन बंदुका शेजारी शेजारी. विचारलं, की म्हणायचा, नवा फोटो सापडला. एकदा मी वैतागलोच. ‘चांगली बसली होती की रे! कशाला काढलीस?’ त्याने चिमटा खाली ठेवला. ‘बाबांचं दुखणं शर्टाच्या गुंडीपासून सुरू झालं,’ तो म्हणाला. ‘याच वयात. आधी बोटं, मग हात, मग श्वास... म्हणून दर रविवारी बघतो. बंदूक बसली, की तो आठवडा माझा.’

त्या दिवसापासून मला रविवारची धास्ती वाटू लागली. तो मोहरीएवढा डबा चिमट्यात धरायचा आणि इकडे माझा श्वास अडकायचा. बंदूक बसली, की आम्ही दोघं पोटभर चहा प्यायचो, उगाच मोठमोठ्याने बोलायचो. मग एका रविवारी चिमटाच हातातून पडला. मिलिंदने तो उचलला नाही. तो आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. चिमटा मी उचलून टेबलावर ठेवला. पुढे डॉक्टरांनी त्याच्या बाबांच्याच आजाराचं नाव सांगितलं आणि सगळं तो म्हणाला होता त्याच क्रमाने झालं.

परवाच्या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो. त्याची मुलगी सई, आता युनिव्हर्सिटीत शिकते, ती बाबाच्या टेबलाशी वाकून बसली होती. हा आजार तिच्यातही असू शकतो, असं डॉक्टर म्हणालेत. रक्त तपासता येतं, पण तिला तपासायचं नाही. तिच्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात बंदूक. मी दारातच थांबलो. तिने दोरीचा फास घातला, डबा चिकटवला. मी त्या बोटांवरून नजर काढली नाही, आणि खरं सांगतो, इतका मी मिलिंदच्या वेळीही घाबरलो नव्हतो.

‘स्टेडी ना, काका? डोन्ट ब्लफ हं.’

‘अगदी स्टेडी.’

स्वयंपाकघरात मघापासून वाहणारा नळ बंद झाला होता. वहिनी ऐकत असणार. सईने मान हलवली, गोंद वाळायच्या आत बंदूक अलगद काढली आणि डबीत ठेवली.

‘नेक्स्ट संडे पण याल ना?’ तिने विचारलं.


येतो म्हणालो.