एका वाचकाचा पेपर

आमच्या महापालिकेच्या वाचनालयात मी एकटीच कर्मचारी. कुलूप उघडण्यापासून पेपर लावून ठेवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे, त्यामुळे स्वभाव थोडा हेडमास्तरणीसारखा झालाय, हे मला मान्य आहे. आल्याबरोबर रजिस्टरमध्ये सही करायची, कोणता पेपर वाचणार ते लिहायचं आणि मग बसायचं. सही न करता कुणी खुर्ची ओढली की मी टेबलावरूनच हाक मारते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वरून पत्र आलं. उत्पन्नापेक्षा खर्च वाढलाय, बजेटमध्ये तूट दिसता कामा नये, तरी प्रत्येकाने आपल्याकडचा अनावश्यक खर्च कळवावा. माझ्याकडे अनावश्यक म्हणण्यासारखं होतं काय? दोन पंखे, ट्यूबलाइट आणि थोडे पेपर. मी तणतणत लेखा विभागात गेले. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग पिशवीतून थर्मास काढला आणि त्यातला अर्धा चहा मला दिला. ऑफिसचा चहा त्यांनी सगळ्यांत आधी बंद केला होता.

"पगार थांबवू का पाणी थांबवू, तुम्हीच सांगा मॅडम," ते म्हणाले. "कुठंतरी कात्री लावायलाच पाहिजे की."

माणूस वाईट नव्हता. भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

मग रजिस्टर घेऊन बसले. मराठी पेपरांपुढे सह्याच सह्या, उर्दूपुढे पाच-सहा, कानडीपुढे अक्कलकोटकडच्या तिघांच्या. हैदराबादहून येणाऱ्या तेलुगू पेपरपुढे मात्र रोज एकच सही, तीही तेलुगूतली. ती एका म्हाताऱ्या विणकराची. टॉवेल विणण्यात त्यांचा जन्म गेला होता. मराठी फर्डं बोलायचे, पण शाळा तेलुगूत, तीही चौथीपर्यंत. मराठी वाचता येत नव्हतं. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला अम्मा म्हणायचे, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असूनही. त्यांच्याबद्दल मला माया होती. पण एका माणसासाठी एक पेपर, हे काही मनाला पटेना. अनावश्यक खर्च म्हणून मी तेलुगू पेपर लिहून दिला आणि मोकळी झाले.

एप्रिलपासून तो बंद झाला. मामांना सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सही केली आणि मराठी पेपर उघडून बसले. मग रोजच तसे बसू लागले. मला हायसं वाटलं. मोठे फोटो बघत असतील, वेळ जातोय म्हाताऱ्याचा, असं म्हणून मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

महिन्याभराने एक बाई दारात आली. चपला बाहेर काढून उंबऱ्यातच उभी राहिली.

"मॅडम, विड्या वळणाऱ्या बायकांचे घराचे फारम कुटं मिळतेत?"

"कसले फॉर्म?"

"पेपरात आलंय की. आमचे मामा हितं वाचतेत आणि आमाला सांगतेत. आज काम बुडवून हापिसात गेलते मी. तितं हाकलून दिलं."

बोलता बोलता उलगडा झाला. दुपारी त्यांच्या गल्लीतल्या ओट्यावर पंधरा-वीस बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि मामा त्यांना पेपरातलं सगळं तेलुगूत सांगायचे. कित्येक वर्षं. मी एक सही बघत होते आणि तिच्यामागे अख्खी गल्ली होती. त्या बाईला मी पाणी दिलं आणि असा काही फॉर्म निघालेला नाही, हे सांगितलं. तिचा अर्धा दिवस गेला होता.

दुसऱ्या दिवशी मामांना विचारलं. त्यांनी जुना पेपर शोधून एक फोटो दाखवला. कुठल्यातरी बचत गटाच्या बायका प्रमाणपत्रं घेऊन ओळीने उभ्या होत्या.

"हे बघून सांगितलो, अम्मा. घराचे कागद वाटले मला. त्या रोज विचारतेत, आज काय आलंय म्हणून. पेपर बंद झाला म्हणायला जीभ वळंना."

रागवावं तर कुणावर? पेपर मीच बंद करायला लावला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्यांना अर्धा तास मराठी पेपर वाचून दाखवू लागले, शांतता राखा या पाटीखाली बसून. बाकीचे वाचक कुरकुरले. मी डोळे वटारले. मामा एकेक बातमी मनात तेलुगूत लावून घ्यायचे, अडलं की थांबवायचे आणि दुपारी ओट्यावर जाऊन बसायचे.

या फेब्रुवारीत पुन्हा तसंच पत्र निघालं. या वेळी साहेब स्वतः आले. रजिस्टर चाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा मॅडम, पेपर बंद केला तरी तुमचा वाचक हलला नाही. तेलुगूतली सही रोज आहे. आता कानडी आणि उर्दूही बंद करता येतील."

मी त्यांना सगळं सांगितलं. ओटा, बायका, फॉर्म, माझा अर्धा तास. त्यांनी मनापासून ऐकलं. "पटतंय हो मला," ते म्हणाले, "पण मला वर कागद दाखवावा लागतो, आणि कागदावर तर काहीच बिघडलेलं नाही."

रात्रभर मी स्वतःवरच चिडत होते. मी सांभाळून घेतलं, म्हणूनच नुकसान कुणाला दिसत नव्हतं. मग ते कागदावर दिसू दे की. सकाळी मामा आले, रजिस्टर पुढे ओढलं, तेवढ्यात मी म्हटलं, "मामा, आजपासून सही करू नका. नुसते येऊन बसा."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उभेच राहिले.

"आता मलाबी कमी केलं व्हय, अम्मा?"

मी पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश सही केली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी पेपर उघडला आणि पहिली बातमी वाचायला घेतली.