चिमीने खाल्लेली चौकट

माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा आवडीने खाल्लेला पदार्थ म्हणजे आमच्या हॉलच्या खिडकीची चौकट.

त्याआधी नाचणीसत्त्व, मुगाची खिचडी, वाफवलेलं सफरचंद, सगळं काही तिने माझ्या शर्टावर थुंकून नाकारलं होतं. पण दात यायला लागले आणि चिमी खिडकीला धरून उभी राहून चौकटीवरचा जुना, पोपडे सुटलेला हिरवा ऑइलपेंट कुरतडू लागली. चेहऱ्यावर असं समाधान, की पंगतीत जिलबी हाणणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही दिसणार नाही!

डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र गंभीर झाला. “जुन्या रंगात शिसं असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट.” रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट येईपर्यंत माझ्या आणि माझ्या बायकोच्या, मुग्धाच्या, घशाखाली घास उतरला नाही. (चिमीच्याही नाही. तिला आम्ही खिडकीपासून लांब ठेवलं होतं.) रिपोर्ट चांगला आला आणि मुग्धा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. मीही रडलो, पण पार्किंगमध्ये जाऊन.

“तो रंग घरातून गेला पाहिजे,” मुग्धा म्हणाली. “पेंटरला फोन कर.”

“पेंटर सरळ पॉलिशपेपर मारेल! घरभर शिशाची धूळ! मी करतो. सुरक्षित पद्धतीने.”

“तू?”

या एका अक्षरात आमच्या संसाराचा सगळा इतिहास होता. पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. काय काय बिघडू शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो! मी भरपूर व्हिडिओ पाहिले. कोरडं घासायचं नाही, आच द्यायची नाही. रंग सोडवणारी जेल लावायची, पाणी फवारत ओलं खरवडायचं, चुरा पिशवीत बांधायचा.

आम्ही भाडेकरू, त्यामुळे मालकीणबाईंची परवानगी लागणार होती. कमलक्का मूळच्या निपाणीच्या, पण बंगळुरात त्यांचा जन्म गेला. त्या आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहतात.

“करा की! पर स्वल्प जपून हां, नितीनअण्णा. आन् बाळाला कशाला धुळीत ठेवतासा? वर आणून सोडा माझ्याकडं.”

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. मुग्धा लॅपटॉप आणि चिमीला घेऊन वर गेली. मी हॉलमधलं सामान प्लास्टिकने झाकलं आणि आतली दारं, बाहेरचं दार, एवढंच काय, स्विचबोर्डसुद्धा टेपने बंद केले. हवेसाठी खिडकी तेवढी उघडी. मग रेनकोट, मास्क, पोहण्याचा चष्मा, स्वयंपाकघरातले रबरी ग्लोव्ह्ज आणि डोक्याला मुग्धाची शॉवर कॅप. आरशात पाहिलं, तर मलाच माझी भीती वाटली!

रस्त्यावरून जाणारे एक काका खिडकीशी थबकले. “एन आय्तु सार? कोरोना मत्ते बंता?”

कोरोना परत आला का, असं ते विचारत होते. मास्कमधून मला नीट बोलता येईना, म्हणून मी जोरात हात हलवले. त्याचा अर्थ ‘पळा’ असा झाला असावा, कारण काका नाकाला रुमाल लावून पळाले.

जेल मात्र गुणी निघाली. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गुलाबी, असे थर साईसारखे सुटत गेले आणि दुपारनंतर खालून खरंखुरं सागवान दिसायला लागलं. मी हवेत तरंगायला लागलो! आणि तेवढ्यात माझी नजर उंबऱ्यावर गेली.

उंबरा पिवळा होता. पिवळाजर्द, वर लाल ठिपके. जुन्या पिवळ्या रंगात शिसं सगळ्यात जास्त असतं, हे मी वाचलं होतं. म्हणजे खरा गुन्हेगार इथे दारात लोळत होता, आणि चिमी दिवसातून दहादा त्यावरून रांगायची! उरलेली सगळी जेल मी उंबऱ्यावर ओतली आणि त्याला पार उघडा करून टाकला.

दारावर थाप पडली. टेप सोडवून दार उघडलं, तर समोर कमलक्का. केसात मोगरा, हातात हळदीकुंकवाचं ताट. दर शुक्रवारी त्या खाली येऊन आमच्याही उंबऱ्याची पूजा करतात, हे मला माहीत होतं. तरीही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“अय्यो! उंबरा बोडका केलासा की हो! सवाष्णीच्या घरात!”

“अक्का, त्यात शिसं...”

“कसलं शिसं? जुना उंबरा वाळवीनं खाल्ला म्हणून औंदाच, तुमी यायच्या आदी, नवा बसवलाय न्हवं! रंगाचा डबा सुदीक नवा. माझ्या सुनेनं डब्यावर वाचून आणला, शिसं नसलेला!”

म्हणजे अख्ख्या घरातला एकमेव निर्धोक रंग मी वेचून काढला होता.

विषय बदलायला मी विचारलं, “चिमी कुठे आहे?”

“वर हाय की. मुग्धा आत मीटिंगमधी बोलायलीय. लेकरू खिडकीपाशी उभं हाय. काय गुणाचं! आवाज न्हाई!”

आवाज नाही?

चष्म्याच्या आत मला घाम फुटला. दोन्ही मजले एकाच वेळी बांधलेले. तोच सुतार, तोच रंग! मी तसाच रेनकोटात जिना चढलो. चिमी खिडकीला बिलगली होती आणि ओठांवर हिरवे कण होते. मला पाहताच तिने भोकाड पसरलं आणि बचावासाठी चौकट आणखी घट्ट धरली. आतून मुग्धा धावत आली. तिच्या नजरेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

संध्याकाळी पुन्हा दवाखाना. या वेळी डॉक्टरीणबाईंनी माझा अवतार पाहून माझंही रक्त घ्यायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस पुन्हा तसेच गेले. मी रात्री उठून चिमीचा श्वास बघायचो आणि स्वतःला शिव्या घालायचो.

चिमीचा रिपोर्ट अगदी चांगला आला. माझ्यात मात्र शिसं थोडं जास्त निघालं.

“घाबरण्यासारखं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण इतकी काळजी घेऊन हे पोटात गेलं कसं? काम करताना काही खाल्लंत?”

“चकल्या. अक्कांनी खिडकीतून दिल्या होत्या.”

“आणि खाण्याआधी हात धुतले नाहीत?”

“हात कशाला धुवायचे?” मी अभिमानाने म्हणालो. “ग्लोव्ह्ज घालूनच खाल्ल्या ना!”