पुनोचो रेडो आणि खुला व्यापार

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से जमतात ते माणसांचेच. गुरं बिचारी मुकाट्यानं सुई टोचून घेतात आणि जातात. मालक बोलत बसतात! गोव्यात डिचोलीच्या दवाखान्यात मी स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचा मदतनीस होतो. रजिस्टरात रोगाला कॉलम होता, बोलण्याला नव्हता. म्हणून ते सगळं माझ्याकडेच राहिलं.

आमची चौकडी ठरलेली. मी, आमचे डॉक्टर सावंत, मयेचा म्हशी पाळणारा पुनो गावस आणि इनास. इनास पुनोचे रेडे विकत घ्यायचा आणि स्वतःच्या शेडमध्ये मांस कापून, मीठ-मसाला लावून हॉटेलांना पुरवायचा. रेडा गेला की पुनो दोन दिवस आमच्याकडे फिरकत नसे. "विकतंय मी, पण मागे वळान बघनंय नाय," म्हणायचा.

*

परदेशी मालाला देशाची दारं उघडली, तेव्हाची गोष्ट. खुला व्यापार म्हणजे काय ते समजवायला पणजीहून एक साहेब मयेच्या पंचायतीत आले. टाय वगैरे लावून! तासभर बोलले. शेवटी हात पसरून म्हणाले, "आता तुमचा माल जगात कुठेही जाऊ शकतो!"

पुनो मागच्या बाकावरून उठला.

"साहेब, माझो रेडो अस्नोड्याच्या पुलार चडना. तो जगात खंय जातलो?"

साहेबांनी चहा मागवला.

*

मग न्यूझीलंडच्या मेंढीचं मटण आलं. केरीच्या समुद्रकाठी इनासचं एक जुनं गिऱ्हाईक हॉटेल होतं. तिथल्या नव्या मॅनेजरनं त्याला चकचकीत खोकं दाखवलं. "बघ, यावर सगळं छापलंय. कुठलं फार्म, कुठलं जनावर. तुझ्या मालाचा असा पत्ता आहे?"

दुसऱ्या दिवशी इनास पुनोला स्कूटरवर मागे बसवून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये हजर! पुनोकडे बोट दाखवून म्हणाला,

"हो मालाचो धनी. रेड्याचे आवय-बापूय गोठ्यात आसात. घेवन येवूं?"

*

आमचं खातं तरी मागे कसं राहील? हुकूम आला, प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला. आम्ही पुनोच्या गोठ्यात गेलो, बिल्ले मारले. आठवड्यानं डॉक्टरांनी पुनोच्या बायकोला, पार्वतीवहिनींना विचारलं, "आता सोपं झालं की नाही?"

वहिनी शेण काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकशे बारा म्हणान हाक मारलंय तर ती वळना नाय, आणि चंपा म्हटलंय तर तुमच्या खात्याक कळना नाय. मी करू काय?"

*

इनासनंही हार मानली नाही. पाकिटं छापून आणली, वर सोनेरी अक्षरांत 'एक्सपोर्ट क्वालिटी'.

डॉक्टर म्हणाले, "अरे, पण तू एक्सपोर्ट करतोस कुठे?"

"बांद्याक!"

"बांदा महाराष्ट्रात आहे, इनास."

"मागीर? गोंय स्टेट जालें न्हय? पत्रादेवीच्या चेकनाक्यार म्हजी पिशवी उघडून तपासतात. भायलो देश म्हणचो आनी कित्याक?"

*

तरी व्हायचं ते झालंच. हॉटेलांच्या ऑर्डरी एकेक करून थांबल्या. इनास शेड फक्त रविवारी उघडू लागला. पुनोचे तीन रेडे न विकता गोठ्यात उभे राहिले आणि म्हशींच्या वाटणीचं गवत खाऊ लागले. तिघांची तोंडं उतरलेली. म्हणजे इनास, पुनो आणि डॉक्टर. रेडे मजेत होते!

एकदा मी शेडवर गेलो तर मोठ्या फ्रीझरचा प्लग काढलेला, आत काठोकाठ तांदूळ. "बायलेन भरल्यात," इनास म्हणाला. "उंदीर चडनात. घेतल्यापासून पयलेच खेपे हें मशीन फायद्यात आसा!" हसला, पण डोळे पुसून हसला.

*

एका हिवाळ्यात मयेचं तळं बघायला एक उंच, लाल गोरा माणूस आला आणि गुरांचा वास घेत सरळ पुनोच्या गोठ्यात शिरला. न्यूझीलंडचा गुरं-मेंढ्यावाला निघाला! डॉक्टर आणि मी लस टोचायला तिथेच होतो. पुनोनं त्याला स्टूल दिलं. मग डॉक्टरांना म्हणाला, "विचारा त्याका, आमचा सगळा गिऱ्हाईक खाल्ल्यान, आता तरी पोट भरला काय?"

डॉक्टरांनी जरा सौम्य करून विचारलं.

गोरा बराच वेळ बोलला. हजारांनी जनावरं. पण भाव ठरवणार कंपनी. खाद्य महाग, भाव खाली. अर्धी जमीन विकली. मुलगा शहरात ट्रक चालवतो. बोलता बोलता त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही.

डॉक्टर एकेक वाक्य मराठीत सांगत होते. पुनोचा चेहरा बदलत गेला. पार्वतीवहिनी आत जाऊन चहा आणि उंडो, आमचा गोल कडक पाव, घेऊन आल्या.

शेवटी पुनो म्हणाला, "डॉक्टर, त्याका सांगा, आमच्या दूध सोसायटीत एक मेंबर कमी आसा. सेक्रेटरी माझो मेव्हणो. फॉर्म भर म्हणा."

डॉक्टरांनी सांगितलं. गोऱ्यानं टोपी काढली, उंडो चहात बुडवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"फोटो किती लागतील?"