आमच्या घरात सगळे कुजबुजायचे

मंडळी, आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माइक बंद पडला. मी तशीच बोलले, तर पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हा आवाज आणलास कुठून?"

पिंपरीच्या नगरपालिकेच्या फुकट बालवाडीतून!

सत्तरच्या दशकात वडील कंपनीत रात्रपाळी करायचे आणि दिवसा झोपायचे. एकाच खोलीत आम्ही भावंडं कुजबुजतच वाढलो. बालवाडीतही मी कुजबुजायचे. बाई म्हणाल्या, "इथं कुणी झोपलेलं नाही. ओरड की!"

गॅदरिंगला मी असं खणखणीत गाणं म्हटलं, की वडिलांनी आईला विचारलं, "ही आपलीच का गं?"

तुम्हाला मोठ्यानं बोलायला कुणी शिकवलं? सांगा की, आता कुणी झोपलेलं नाही!