पत्र्याचं इंजिन कोणी बदललं?

रोह्याच्या त्या गृहस्थाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. मी तेव्हा पेण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच त्याने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर खोका आपटला. कंपनीतून रिटायर झालेला माणूस, आवाज चढलेला.

"साहेब, माझं इंजिन बदललं त्यानं!"

खोक्यात पत्र्याचं, खेळण्यातलं रेल्वे इंजिन होतं. काळंभोर, चकचकीत, आत मोटर. गृहस्थाने दुरुस्तीला दिलेलं इंजिन मात्र हिरवं, चावीचं, रंग उडालेलं होतं. त्याच्या मुलाचं. मुलगा अपघातात गेला, मागे हे खेळणं राहिलं. पेणचा एक गणपतीचा कारागीर जुन्या पत्र्याच्या खेळण्यांवर काम करतो, असं ऐकून त्याने ते त्याच्याकडे टाकलं होतं.

खबऱ्याकडून कळलं, कारागिराच्या दारात मुंबईच्या गाड्या थांबतात. झालं! जुन्या मालाला शौकीन गिऱ्हाईक असतं आणि फार मऊ बोलणाऱ्यावर माझा तसाही विश्वास नसतो. त्याला बोलावलं. तो मान वर करेना.

"तेच हाय साहेब. केबिन कापली, चिमणी नवी बसवली. पत्रा तोच."

"मग रंग खरवडून दाखव."

"नाय. आखणी झाली की आम्ही पाती लावत नाय."

गणपतीचे डोळे रेखले की मूर्तीला हत्यार लावत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. पण इंजिनाला कसली आलीय आखणी?

"लेका, मला बनवतोस?"

पंच बोलावले आणि पातं मीच चालवलं. तळाशी काळ्याखाली हिरवा रंग निघाला, आणि आत झाळलेल्या शिशाचा एक ओबडधोबड डाग. तक्रारदार वाकून बघतच राहिला. मुलगा लहान असताना निखळलेलं चाक त्यानेच कंपनीत असं जोडून आणलं होतं.

"माझ्याच हातचा डाग हाय हो हा..."

मुंबईकर येत ते कारागिराची नवी मॉडेल्स घ्यायला, हेही चौकशीत कळलं. तो काकुळतीला आला. "काका, तुम्हीच म्हणालात, नीट करा. आमच्यात नीट म्हणजे घासायचं नि नवा हात मारायचा."

"आणि चावी? आतली स्प्रिंग?" तक्रारदाराने विचारलं.

"भंगारात गेली."

रोहेकराने इंजिन उचलून खोक्यात ठेवलं. "साहेब, यानं चोरलं असतं तर बरं झालं असतं. कुठंतरी तसंच असतं तरी."

गुन्हा घडल्याचं दिसत नाही, असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला. त्यानंतर कुणी तक्रार घेऊन आलं की संशय कुणावर, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, तुमचं नक्की काय गेलंय?