मामीने निवडलेलं खडूस सॉफ्टवेअर

खोट काढण्यात माझ्या मामीचा हात कोणी धरू शकत नाही. लग्नाला गेली तर नवरा-नवरीच्या आधी ती माईकची वायर बघते आणि तोंड वाकडं करते. उभा जन्म तिने एका वकिलाच्या ऑफिसात टायपिंग केलं. वकीलसाहेब बोलत जायचे आणि मामी टाईप करता करता त्यांच्या चुका सुधारत जायची. साहेबांना ते केस जिंकल्यावर कळायचं, असं मामा सांगतो. मामाचं चष्म्याचं दुकान आहे. मामीपुढे तो फारसा बोलत नाही, पण बोलला की वर्मावर बोट ठेवतो.

ऑफिसातून आली की जेवणाच्या टेबलाचं एक टोक मामीचं. तिथे भागांना डाग देऊन जोडायचं सोल्डरिंग आयर्न, तारांची भेंडोळी आणि डबीत ठेवलेले ट्रान्झिस्टर. हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिला ब्लिंकर तिने माझ्या आईच्या रेडिओतले भाग उपसून बनवला होता. ब्लिंकर म्हणजे दोन चिमुकले दिवे, एक लागला की दुसरा विझतो आणि दुसरा लागला की पहिला. तो अजून चालतो. रेडिओ मात्र तेव्हाच गेला आणि आईने नणंद-भावजयीच्या भांडणांत तो कायमचा राखून ठेवलाय.

दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशीच खुळी मंडळी जमते. गॅरेजवाला आहे, शाळेतल्या बाई आहेत, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला एक दाढीवाला आहे. सगळे तिला मामीच म्हणतात. नवीन येणारे हौसेने भाग जाळायचे आणि धूर खालच्या वाचकांच्या नाकात जायचा. शेवटी ग्रंथपालांनी हात जोडले. मग ठरलं की नवख्याने आधी सर्किट कॉम्प्युटरवर जोडायचं. वीज कशी वाहते, काय जळतं, ते पडद्यावर बघायचं आणि मगच गरम आयर्नला हात लावायचा. अशी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. पण कोणतं घ्यायचं? तिथे जितकी डोकी तितकी मतं. दाढीवाल्याने आपल्या लाडक्या सॉफ्टवेअरसाठी आवाज चढवला, तसा गॅरेजवाला म्हणाला, "मामीच निवडू देत. तिने पास केलेल्यात खोट काढायला कुणाची टाप आहे?" पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं ठरलं.

मामी ऐटीत हो म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिने मला बोलावून घेतलं. मी छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते, त्यामुळे घरात कुणाचंही बटण अडलं की मलाच हाक येते.

"हे बघ," ती म्हणाली आणि उजवा हात उचलून बारीक स्क्रू पकडायला गेली. हात थरथरला, स्क्रू घरंगळत टेबलाखाली गेला. टेकलेला असला की तो हात शहाण्यासारखा असायचा. काही नेमकं पकडायला गेला की सुरू व्हायचा. जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सोल्डरिंग आयर्न कपाटात जाऊन कितीतरी दिवस झाले होते. मंडळींना ती सांगायची, हल्ली चांगले भाग मिळत नाहीत. खरं फक्त मामाला ठाऊक होतं, आणि आता मला.

"ज्या दिवशी त्यांना कळेल ना, त्या दिवसापासून सगळे मला खुर्ची देतील, चहा देतील आणि सर्किट देणार नाहीत. कॉम्प्युटरवर जमलं तर ठीक. नाहीतर मी तो जिना चढायचं बंद करणार."

मामी रडणारी असती तर मी रडले असते, पण तिच्यासमोर रडायची सोय नाही.

आम्ही कामाला लागलो. मामीची परीक्षा सोपी आणि दुष्ट होती. बॅटरीला दिवा सरळ जोडायचा, मध्ये करंटला लगाम घालणारा रेझिस्टर ठेवायचाच नाही. खऱ्या आयुष्यात तो दिवा जळून खाक होतो. "पाहुण्याला पहिल्याच दिवशी गळकी बादली द्यावी," मामी म्हणाली, "म्हणजे माणूस कळतो."

पहिलं सॉफ्टवेअर दाढीवाल्याचं लाडकं. रंगीबेरंगी, तारांतून पिवळे ठिपके पळतायत, बघत राहावं असं. त्यात तो दिवा छान हसत लागला. "तोंडपुजी मेली," मामीने निकाल दिला. दुसऱ्याचं फुकटपण दारापर्यंतच होतं. चार भाग ठेवले की ते पैसे मागायचं. पण खरी अडचण निराळीच होती. दोन्हीकडे प्रत्येक भाग माऊसने उचलून नेमका जागेवर ठेवावा लागायचा. मामीच्या हातून तो वाटेतच पडायचा.

"माऊसच भिकार आहे," मामी कडाडली.

"नाचता येईना अंगण वाकडं," पेपरामागून मामा म्हणाला.

मामीने फडकं फेकलं. ते मामाला लागलं नाही, आणि त्याने ते उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. ती हसली, पण नंतर बराच वेळ डाव्या हाताने उजवा हात धरून बसून राहिली.

तिसरं मी केवळ यादी पुरी करायची म्हणून उघडलं. कोरा पडदा, ना रंग ना ठिपके, चुकलं की मास्तरासारखं खेकसणार. मी मदतीची पानं चाळत होते, तेव्हा एक गोष्ट दिसली. यात चित्र काढता येतंच, पण सर्किट नुसतं लिहूनही देता येतं. एका ओळीत भागाचं नाव, तो कुठून कुठे जोडलाय त्याचे आकडे, मग त्याचं माप. पुढची ओळ, पुढचा भाग.

"ऊठ," मामी म्हणाली.

मी उठले. तिने दोन्ही मनगटं टेबलावर टेकवली आणि तिची बोटं सुटली. वकिलाच्या ऑफिसातला सगळा जन्म त्या टकटकाटात होता. रेझिस्टर नसलेल्या दिव्यातून किती करंट जाईल, ते त्या खडूस सॉफ्टवेअरने बेधडक सांगितलं. आकडा बघून मी हबकले.

"ही खरं बोलते. हीच घ्यायची. ज्यांचे हात धड आहेत त्यांनी चित्रं काढावीत."

"आणि ब्लिंकर? तो करून बघायचा ना?"

"ब्लिंकर काय, मी झोपेत करते."

आमची चूक झाली ती इथे.

रविवारी भिंतीवर प्रोजेक्टरचा मोठा पडदा पडला होता. मामीने ब्लिंकर धडाधड टाईप केला, शाळेतल्या बाई तर बोटांकडेच बघत राहिल्या. तिने चालवलं. भिंतीवर दोन दिव्यांच्या दोन, एक वर एक खाली अशा नाचऱ्या रेषा यायला हव्या होत्या. आल्या दोन सरळ, आडव्या, मेल्यासारख्या. दोन्ही दिवे लागलेले, एकही विझेना.

"माझ्यात पहिल्या फटक्यात चालतो," दाढीवाला म्हणाला.

मामीने ओळी पुन्हा वाचल्या. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. ती उठून पडद्याजवळ गेली, एक ओळ दाखवायला उजवा हात उचलला आणि त्याची भलीमोठी सावली भिंतीवर थरथरू लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मामीनेही सावली बघितली. हात मात्र खाली घेतला नाही. तशीच बघत उभी राहिली आणि मग खदखदून हसली.

"अरे, माझ्या डबीतले दोन रेझिस्टर कधी सारखे होते? वर छापलेलं माप एकच, पण आत एक जरा जास्त, एक जरा कमी. म्हणून तर एक दिवा आधी लागायचा. इथे मी दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या लिहिल्या. मग बसल्यात दारात एकमेकींना म्हणत, आधी तुम्ही, आधी तुम्ही!"

खुर्चीत बसून तिने एका मापातला शेवटचा आकडा किंचित वाढवला. रेषा क्षणभर थबकल्या आणि नाचायला लागल्या. टाळ्या पडल्या. दाढीवाल्यानेही वाजवल्या, हे त्याच्याबाबतीत सांगायलाच हवं.

"आणि हो," मामी मोठ्याने म्हणाली, "माझा हात थरथरतो. आयर्न धरवत नाही. बघून झालं असेल तर पुढे चला."

शाळेतल्या बाई मामीसाठी चहा आणायला उठू लागल्या. झालं, आता खुर्ची आणि चहा सुरू होणार होता. इतक्यात गॅरेजवाला पुढे आला. त्याने पिशवीतून एक काळवंडलेलं सर्किट काढून मामीसमोर ठेवलं.

"मामी, हे काही केल्या चालत नाही. तुम्ही बोट दाखवा, सोल्डर मी करतो. आणि जरा उठा, मला टेबलाशी बसायला खुर्ची लागेल."

मामी उठली. उभ्याउभ्याच वाकून तिने पहिली खोट काढली.